आधी धक्का की आधी पवनचक्की? समुद्रातल्या विजेची जमिनीवरची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. ज्यांना लोकलमध्ये रेंज मिळत नाही, ज्यांचे इयरफोन हरवलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अं' शक्य तितके गाळलेत.)



आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे सुचला. रत्नागिरीजवळच्या एका श्रोत्याने पाठवली होती. त्याने आयटीआयमधून वेल्डिंगचा कोर्स केलाय आणि सध्या बोटींच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता : "ताई, समुद्रात पवनचक्क्या उभ्या करणार म्हणतात. यात आमच्यासारख्यांना काम आहे का, की नुसतीच बातमी?"

मी म्हटलं, उत्तर देते, पण मला थोडं वाचू दे. वाचायला बसले आणि मला आधी आठवला खंबाटकी घाट.

दोनेक वर्षांपूर्वी मी पुण्याहून साताऱ्याला चालले होते. घाटात आमची एसटी थांबली ती थांबलीच. पुढे एक लांबलचक ट्रेलर वळण घेत होता आणि त्याच्यावर पवनचक्कीचं एकच पातं. अर्धी एसटी खाली उतरून व्हिडिओ काढायला लागली. ट्रेलरच्या मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग होतं, एक माणूस चालत चालत ती चाकं वळवत होता आणि दुसरा ओरडून सांगत होता, "अजून, अजून, बस!" एक वळण पार करायला अर्धा तास गेला. तेव्हा मला वाटलं होतं, याच्याहून मोठं पातं असेल तर ते नेणार कुठून?

उत्तर असं आहे, की नेतच नाहीत. निदान रस्त्याने तरी नाही. समुद्रातल्या पवनचक्क्या इतक्या मोठ्या असतात की त्या पाण्याच्या काठालाच बनवाव्या लागतात, जहाजानेच हलवाव्या लागतात आणि त्यांना लागतं एक खास बंदर. आजची गोष्ट त्या बंदराची आहे.

आधी आकार समजून घेऊ

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यापलीकडे 'व्हिनयार्ड विंड' नावाचा प्रकल्प आहे. ६२ पवनचक्क्या, प्रत्येकी १३ मेगावॉटची, एकूण ८०६ मेगावॉट. त्यातल्या एका पात्याची लांबी १०७ मीटर. मुंबई लोकलचे पाच डबे एकामागे एक लावा, साधारण तेवढं एक पातं. अशी तीन पाती. आणि पातं सरळ वर आलं की त्याच्या टोकापर्यंतची उंची अडीचशे मीटरच्या आसपास, म्हणजे बारा डब्यांची आख्खी लोकल उभी केल्यासारखी.

टॉवरच्या डोक्यावर जी पेटी असते, जिच्यात जनरेटर बसवलेला असतो, तिला नसेल म्हणतात. तिचं वजन सहाशे टनांच्या घरात. पाच रेल्वे इंजिनं एकत्र बांधून दीडशे मीटर उंचावर ठेवायची, असं समजा.

एवढा खटाटोप कशासाठी? समुद्रावर वारा जास्त जोराचा आणि जास्त सलग असतो, अडवायला डोंगर नाहीत, झाडं नाहीत, इमारती नाहीत. आणि समुद्रात जाऊन एक पाया ठोकण्याचा खर्चच इतका असतो, की त्यावर छोटी पवनचक्की लावणं परवडत नाही. म्हणून प्रत्येक पिढीत यंत्र मोठं होत गेलं. डेन्मार्कचा 'हॉर्न्स रेव' प्रकल्प २००२ साली उभा राहिला, तेव्हा त्यातली एक पवनचक्की २ मेगावॉटची होती. वीस वर्षांत ती १३ मेगावॉटवर गेली. बंदरं मात्र वीस वर्षांत सहापट मोठी होत नाहीत.

साधं बंदर का चालत नाही?

मलाही आधी वाटायचं, आपलं जेएनपीटी आहे, एवढाली जहाजं येतात, तिथेच उतरवा की. पण कंटेनर बंदर आणि पवनचक्कीचं बंदर यांत मूलभूत फरक आहे. कंटेनर येतो आणि जातो. इथे सामान येतं, पसरून राहतं, जोडलं जातं, तपासलं जातं आणि मग हवामान बरं असेल त्या दिवशी समुद्रात जातं. म्हणजे हे बंदर कमी आणि उघड्यावरचा कारखाना जास्त. त्याला चार गोष्टी लागतात.

पहिली, जमीन. नुसती मोकळी नाही, दणकट. टॉवरचे शेकडो टनांचे भाग उभे करून ठेवायचे, त्यांच्यामधून क्रॉलर क्रेन म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी क्रेन फिरवायची. क्रेनने वजन उचललं की सगळा भार पट्ट्यांच्या एका कडेवर येतो. जमीन दोन इंच खचली तरी वर शंभर मीटरवरचं टोक केवढं झुकेल, याचा विचार करा. म्हणून अशा धक्क्याची जमीन दर चौरस मीटरला वीस टनांच्या आसपास भार पेलेल अशी बांधतात. कॅरमबोर्डपेक्षा जरा मोठ्या चौकोनावर पाच हत्ती, एकावर एक. आणि हे सगळ्या पटांगणभर.

दुसरी, पाणी. जहाज धक्क्याला लागेल इतकं खोल हवं. शिवाय पवनचक्की उभारणारी जहाजं 'जॅक-अप' प्रकारची असतात. त्यांना पाय असतात, ते समुद्राच्या तळावर टेकवून जहाज स्वतःला पाण्याच्या वर उचलतं, म्हणजे लाटांनी क्रेन हलत नाही. अशा जहाजाने धक्क्याला लागून पाय टेकवले, तर खालचा तळ तेवढा पक्का हवा. चिखलात पाय रुतला की संपलं.

तिसरी, डोक्यावरची जागा. टॉवर उभेच्या उभे न्यायचे असतील तर बंदरातून समुद्रात जाताना वाटेत पूल नको, विजेच्या तारा नकोत. जगातली कितीतरी सुंदर बंदरं या एका कारणाने बाद होतात. बंदर आत, पूल बाहेर, संपला विषय.

चौथी, रुंदी. पाती जहाजावर ठेवली की बाजूंनी बाहेर येऊ शकतात. अरुंद खाडी असेल तर वळणार कशी? पुन्हा खंबाटकी!

न्यू बेडफर्ड नावाचं गाव

आता गोष्टीतलं गाव. मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे देवमाशांच्या शिकारीचं जगातलं सर्वांत मोठं बंदर होतं. तीनशेहून अधिक जहाजं इथून निघायची. देवमाशाच्या चरबीच्या तेलावर अमेरिका-युरोपातले दिवे जळायचे. 'मोबी डिक' लिहिणारा हर्मन मेलव्हिल १८४१ साली याच बंदरातून देवमाशांच्या जहाजावर चढला. मग १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघालं, स्वस्त रॉकेल आलं आणि देवमाशाच्या तेलाचा धंदा उतरणीला लागला. एका इंधनावर श्रीमंत झालेलं गाव दुसऱ्या इंधनाने खाली आणलं.

पुढे इथे कापडगिरण्या आल्या, त्याही गेल्या. गिरणगावाची ही गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. मग कपॅसिटर बनवणारे कारखाने आले आणि त्यांनी १९४०च्या दशकापासून पुढची काही दशकं पीसीबी नावाची घातक रसायनं बंदरात सोडली. १९८३ साली सरकारने या बंदराची नोंद देशातल्या सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत केली. टिकली ती मासेमारी. आज मालाच्या किमतीच्या हिशोबाने न्यू बेडफर्ड अमेरिकेतल्या अव्वल मासेमारी बंदरांपैकी एक आहे, मुख्यतः स्कॅलॉपमुळे. स्कॅलॉप म्हणजे आपल्या तिसऱ्यांचा मोठा भाऊ म्हणा.

२००१ साली जवळच्याच समुद्रात 'केप विंड' नावाचा प्रकल्प पुढे आला. १३० पवनचक्क्या, ४६८ मेगावॉट, अमेरिकेतला पहिला मोठा. राज्य सरकारने ठरवलं की यासाठी धक्का आपण बांधू. न्यू बेडफर्डमध्ये गाळ उपसला, त्यातला प्रदूषित गाळ बंदराच्याच तळाशी खोल खड्डे खणून पुरला आणि वर स्वच्छ मातीचा थर दिला. तीस एकरांपेक्षा थोडी कमी जागा, दणकट पटांगण. खर्च सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर. २०१५ मध्ये धक्का तयार झाला.

आणि त्याच २०१५ च्या जानेवारीत केप विंडची वीज घेणार असलेल्या दोन वीज कंपन्यांनी करार मोडले, कारण प्रकल्पाने ठरलेली मुदत पाळली नव्हती. किनाऱ्यावरच्या श्रीमंत बंगलेवाल्यांनी आणि इतर विरोधकांनी वर्षानुवर्षं कोर्टात खेचलेला तो प्रकल्प २०१७ मध्ये अधिकृतपणे संपला. एकही पवनचक्की उभी राहिली नाही.

विचार करा, तुम्ही त्या गावात राहता. तुमच्या करातून एवढा धक्का बांधलाय. ज्याच्यासाठी बांधला तो नवरदेव मांडवात आलाच नाही. त्या धक्क्यावर पवनचक्कीचं पहिलं सामान उतरलं ते थेट मे २०२३ मध्ये, पोर्तुगालहून आलेले टॉवरचे भाग. मधली आठ वर्षं गावातल्या लोकांनी काय काय ऐकवलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग गाडी रुळावर कशी आली?

धक्का होता म्हणून नाही. २०१६ मध्ये राज्याने कायदा केला, की वीज कंपन्यांनी समुद्रातल्या वाऱ्याची १,६०० मेगावॉट वीज विकत घेण्याचे करार केलेच पाहिजेत. म्हणजे गिऱ्हाईक पक्कं झालं. त्यातून व्हिनयार्ड विंड निवडलं गेलं आणि त्याला धक्का आयता मिळाला.

इथे एक मजेशीर अडचण आली. अमेरिकेत १९२० सालचा 'जोन्स ॲक्ट' आहे. अमेरिकेतल्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माल न्यायचा, तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं, अमेरिकी खलाशांचं हवं. समुद्रात ठोकलेला पवनचक्कीचा पायासुद्धा यात 'ठिकाण' धरला जातो. आणि एवढं मोठं उभारणी-जहाज अमेरिकेकडे तयार नव्हतं. मग तोडगा असा काढला : युरोपातलं जॅक-अप जहाज समुद्रातच पाय रोवून उभं राहणार आणि न्यू बेडफर्डहून अमेरिकी बार्ज तीन पाती, एक नसेल आणि टॉवरचे भाग घेऊन त्याच्याकडे जाणार. एका पवनचक्कीचं सामान, एक खेप. जहाज फक्त उचलणार आणि बसवणार.

आणि ही प्रत्येक खेप एका दरवाजातून जाते. न्यू बेडफर्डच्या तोंडाशी वादळापासून बचाव करणारा दगडी बांध आहे, १९६६ मध्ये पूर्ण झालेला. त्यातली फट फक्त १५० फूट रुंद. त्याच फटीतून मासेमारी बोटी, त्याच फटीतून बार्ज.

२ जानेवारी २०२४ ला व्हिनयार्ड विंडची पहिली वीज ग्रिडमध्ये गेली. आणि १३ जुलै २०२४ ला एका पवनचक्कीचं पातं मोडलं. फायबरग्लासचे तुकडे नॅनटकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले, ऐन सुट्टीच्या दिवसांत किनारे बंद करावे लागले. कारण निघालं कारखान्यातल्या जोडकामातली त्रुटी, चिकटवलेला भाग नीट चिकटला नव्हता. पाती बनली होती कॅनडात. पुढे बसवलेली पातीसुद्धा काढावी लागली. म्हणजे धक्क्यावर उलटी वाहतूक सुरू झाली : समुद्रातून परत. बंदर बांधताना कोणी माल परत येण्याचा विचार फारसा करत नाही, पण तीही सोय लागतेच.

मासेमारांचं काय?

हा प्रश्न कोकणातले श्रोते विचारणारच. न्यू बेडफर्डच्या मासेमारांनी तो फार आधी विचारला. त्यांचं म्हणणं : जाळी ओढताना पवनचक्क्यांच्या मध्ये बोट वळवायची कशी? धुक्यात रडारवर पात्यांच्या प्रतिमा येतात, त्यात दुसरी बोट कशी ओळखायची? आणि खालच्या केबलमध्ये जाळं अडकलं तर भरपाई कोण देणार? या दबावामुळे तिथल्या प्रकल्पांनी एक समान आखणी मान्य केली, दोन पवनचक्क्यांमध्ये एक सागरी मैल, म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर अंतर, सरळ रांगांत. भरपाईचे निधीही ठेवले. सगळे मासेमार समाधानी नाहीत, काही कोर्टात गेले. काहींनी मात्र आपल्याच बोटी राखणदारीच्या कामाला लावल्या, म्हणजे बांधकामाच्या जागेजवळ दुसरी बोट येऊ नये म्हणून फेऱ्या मारायच्या.

आपल्याकडे बंदर म्हटलं की लगेच वाढवण आठवतं. ते कंटेनरचं बंदर, तो वेगळा भाग होईल. पण प्रश्न तोच : समुद्र कोणाचा, हे ठरवताना मासेमार टेबलाशी बसलेला असतो, की त्याला नंतर कळवलं जातं?

खरा पेच

आता मूळ मुद्दा. बंदराशिवाय प्रकल्प येत नाही आणि प्रकल्पाची खात्री नसेल तर बंदर कोणी बांधत नाही. आधी धक्का की आधी पवनचक्की? न्यू बेडफर्डने आधी धक्का बांधला आणि आठ वर्षं वाट बघितली.

आणि हा पेच एकदा सुटला की कायमचा सुटला असं नाही. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी आदेश काढून समुद्रातल्या पवन ऊर्जेसाठी नव्या जागा देणं थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा बंदरांशी जोडलेल्या १२ प्रकल्पांची मिळून सुमारे ६७ कोटी ९० लाख डॉलरची मदत मागे घेतली. त्यातली सगळ्यात मोठी रक्कम कॅलिफोर्नियातल्या हंबोल्ट बे बंदराची होती, ४२ कोटींहून जास्त. ज्यांनी कागदावर धक्के आखले होते, ते कागदावरच थांबले.

डेन्मार्कचं एसब्यर्ग बंदर याच्या अगदी उलट. तेही एकेकाळी मासेमारीचं. मग उत्तर समुद्रातल्या तेल-वायूसाठी वापरलं गेलं आणि २००२ च्या हॉर्न्स रेवपासून पवनचक्क्यांसाठी. तिथे एक प्रकल्प संपत आला की दुसऱ्याचं सामान यायला लागतं, कधी शेजारच्या देशांच्या प्रकल्पांचंही. क्रेनवाल्याला माहीत असतं, पुढच्या वर्षीही काम आहे. धक्का दोन्हीकडे दणकटच आहे. फरक रांगेचा आहे.

आणि आपल्याकडे?

भारताचं समुद्रातल्या पवन ऊर्जेचं धोरण २०१५ सालचं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली : गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉट. लक्ष द्या, त्यातले ६०० कोटी फक्त दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. म्हणजे धक्क्याचा मुद्दा कागदावर तरी आलाय. पण आपल्या समुद्रात अजून एकही व्यावसायिक पवनचक्की फिरत नाही. आपण सध्या न्यू बेडफर्डच्या पहिल्या पायरीवर उभे आहोत, आणि महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या टप्प्यात नाही.

तर माझ्या वेल्डर मित्रा, तुझं उत्तर. काम आहे, पण ते दोन प्रकारचं. पहिलं उभारणीचं : वेल्डर, रिगर, क्रेन चालवणारे, इलेक्ट्रिशियन, टग आणि बार्जवरचे खलाशी. यात पैसा बरा, माणसं भरपूर लागतात, पण एक प्रकल्प दोन-तीन वर्षांत उरकतो. पुढचा आला नाही तर घरी. दुसरं देखभालीचं : माणसं कमी, पण पवनचक्की पंचवीसेक वर्षं चालते, तोवर काम चालू. रोज सकाळी बोटीने जायचं, शिडी चढायची, नट-बोल्ट, तेल, केबल तपासायची आणि परत.

दोन्हीसाठी जगभर एक सुरक्षा प्रशिक्षण मागतात, त्याला जीडब्ल्यूओ म्हणतात : उंचीवरचं काम, प्रथमोपचार, आग, वजन उचलण्याची पद्धत आणि समुद्रात पडल्यावर जीव कसा वाचवायचा. पण माझं ऐकशील तर केवळ समुद्रातल्या पवनचक्कीच्या भरवशावर कर्ज काढून काही करू नकोस. वेल्डिंगमधलं वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र घे, जे जहाजकामात, तेलाच्या कामात, जमिनीवरच्या पवनचक्कीतही चालेल. जे न्यू बेडफर्डच्या धक्क्याने केलं नाही ते तू कर. एकाच गिऱ्हाइकावर बसू नकोस.

आणि पुढच्या वेळी बातमी वाचशील, 'इतके हजार मेगावॉट समुद्रातून', तेव्हा मेगावॉट बाजूला ठेव. दोन प्रश्न विचार. धक्का कुठे आहे? आणि त्या धक्क्यावर पहिल्या प्रकल्पानंतर दुसरं काय येणार आहे? याची उत्तरं बातमीत नसतील, तर बोटींची दुरुस्ती सोडू नकोस.

मंडळी, तुमच्यापैकी कोणी बंदरात, गोदीत, क्रेनवर काम करत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. जमिनीचा भार मोजतात कसा, हे मला धक्क्यावरच्या माणसाकडून ऐकायचंय. एक मिनिटाची पाठवा, पाच मिनिटांची पाठवलीत तरी ऐकेन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.